पन्नीमागचा मोर

इंदूर मला तोंडपाठ आहे. डोळ्याला पट्टी बांधून कुठंही सोडा, बरोबर घरी येऊन दाखवीन. फक्त सोडताना राऊच्या नाक्यापासून राजेंद्र नगरच्या पुलापर्यंत सोडायचं, त्याच्या पुढं मी पण पाहुणाच.

ही पट्टीची फेकाफेक मी पूर्वी रोज करायचो. पोरं हसायची. आता करत नाही. घरात डोळ्यांचा विषय असला की असल्या गोष्टी तोंडातून निघतात आणि मग जीभ चावावी लागते.

पोरं म्हणजे कॉलेजची. माझी उभी उमर कॉलेजात गेली. कुठल्या विषयाला होतात, असं लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी म्हणतो, पोहे. माझे आजोबा महूला पलटणीत होते, त्यांच्या अंगावर वर्दी. माझ्या अंगावर कँटीनचा ॲप्रन. शाळेनं मला लवकर सोडलं, मी तिला नाही. मास्तर म्हणाले होते, या पोराला बोलायचं सोडून काही येत नाही. मास्तरांचं ज्ञान पक्कं होतं.

तर सांगत होतो ते या दिवसांचं. होळी जळून जाते, गल्लीच्या तोंडाशी राखेचा काळा गोल उरतो, त्याला कुत्रं पण वळसा घालून जातं. सकाळी अजून चादर ओढावीशी वाटते आणि दुपारी उन्हाचा चटका कानाच्या पाळीला लागतो. महू रोडवरून नव्या गव्हाच्या ट्रॉल्या जातात, त्यांच्यामागं कोंडा उडत राहतो, चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवावं लागतं. कॉलेजात परीक्षा. वर्षभर दात काढणारी पोरं एकदम गरीब होतात, चहा घेताना पण ओठ हलवत काहीतरी घोकत असतात. आणि बाकीच्या जगाचे रंग संपलेले असतात तेव्हा आमच्या इंदूरचे सुरू व्हायचे असतात. आमची खरी होळी रंगपंचमीला. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते राजवाड्यावरून, मोठमोठे टँकर, पिचकारी कसली, तोफच ती, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतल्या माणसाला पण सोडत नाही.

काल टीव्हीवर तेच दाखवत होते. गेरची तयारी. माझी बायको सुमन टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती, मान जरा तिरकी करून, चिमणी दाण्याकडं बघते तशी. म्हणाली, "बांधली ना हो राजवाड्याला पन्नी?"

मी म्हणालो, "हो. बांधली."

एवढंच. यापुढं मी एक शब्द बोललो नाही, आणि जो माणूस मला ओळखतो त्याला यावरूनच कळेल की गेल्या वर्षी काय झालं असेल.

गेल्या वर्षी याच दिवसांत सुमनला काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे आधीपासून होताच, आम्हाला तेव्हा कळलं. ती दाराच्या चौकटीला धडकायची, आणि मी म्हणायचो, चौकटीनं काय बिघडवलंय तुझं? ताटातली चटणी तिला दिसायची नाही, मी म्हणायचो, माझ्या हातची आहे म्हणून टाळतेस. असे खूप जोक झाले. मग डॉक्टरांनी यंत्रात तिची हनुवटी ठेवून बघितलं आणि सांगितलं की कडेचं सगळं गेलंय. समोर जेवढं दिसतंय तेवढंच, नळीतून बघावं तसं. जे गेलं ते परत येणार नाही. ऑपरेशन करायचं ते उरलेलं वाचवायला, आणि तेही वाचेलच असं नाही.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मतलब मी बाजूला उभा राहिलो तर हिला दिसणारच नाही? मग तर हिची तब्येत सुधारेल."

डॉक्टर हसले नाहीत. सुमन हसली, पण तिनं माझा हात असा धरला होता की नखं रुतली.

ऑपरेशन रंगपंचमीनंतरच करू, म्हणाले, रंगाचे दिवस जाऊ द्या. बाहेर रिक्षात बसल्यावर मी तिला विचारलं की बाई, काय पाहिजे, काय खाणार, कुठं जायचं, पचमढी जायचं? ती म्हणाली, "मला तो मोर बघायचाय."

आता मोराचं सांगतो. लग्न नवं होतं तेव्हा आम्ही राजवाड्याला साडी घ्यायला गेलो होतो. मागच्या गल्ल्यांमधून फिरताना एका जुन्या घराच्या वर, सज्ज्याच्या खांबाला टेकून, छपराच्या खाली लाकडात कोरलेला मोर होता. सुमन थांबली. रस्त्याच्या मधोमध. मागून हातगाडीवाला ओरडतोय, मी ओरडतोय, आणि ही मान वर करून उभी. तेवढंच, पण तो मोर घरी आला. तिच्या माहेरी, महूला, शेजारच्या मालवी बायांकडून ती मांडणे शिकली होती, गेरू सारवून वर पांढऱ्या खडूचं पाणी बोटानं सोडायचं. तेव्हापासून दर दिवाळीला आमच्या उंबऱ्यापुढं तोच मोर. राऊच्या आमच्या गल्लीत लोक पत्ता सांगतात, मोरवाल्यांच्या घराशेजारी. माझं नाव कोणाला माहीत नाही.

आणि दर दिवाळीला तोच झगडा. ती म्हणायची, मोराची मान मागं वळलेली होती, पिसाऱ्याकडं बघत होता. मी म्हणायचो, पुढं होती, सरळ. मी तर त्या दिवशी मोर नीट बघितलाच नव्हता, माझं लक्ष समोरच्या कचोरीच्या कढईत होतं. पण बायकोपुढं माघार कशी घ्यायची? इतकी वर्षं मी त्या मानेवर अडून बसलो. शेवटी शेवटी तिलाही शंका यायला लागली. कधी ती मान पुढं काढायची, मग खडू घेऊन बसून राहायची, मग पुसायची.

"एकदा बघून घेते," ती म्हणाली, "मग जे व्हायचं ते होवो. निदान बरोबर तरी काढीन."

डोळे गेल्यावर पण मांडणं काढणार आहे ही! मी म्हणालो, "चल ना, राजवाडा कुठं पळून चाललाय."

पळून नाही गेला. मीच आज-उद्या करत राहिलो. होळीला पाहुणे, मग कॉलेजात परीक्षेची गर्दी, मग माझं पोट. खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. ती बघायला जाणार म्हणजे निरोप घ्यायला जाणार, असं माझ्या टाळक्यात बसलं होतं. शेवटी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी निघालो. आता कोणीही खरा इंदुरी इथंच कपाळावर हात मारेल. पण मी गेर बघतो मोबाइलवर, पंख्याखाली बसून.

सिटी बसमध्ये मी तिला सगळं सांगत होतो. ती सवय मला त्याच दिवसांत लागली होती. समोर पायरी आहे, डावीकडं गाय आहे, गाय बसलेली आहे, आता गाय उठली. क्रिकेटची कॉमेंट्री. मी मनात म्हणायचो, प्रॅक्टिस करून ठेवू, पुढं हेच काम आहे. राजेंद्र नगरच्या पुढं एका भिंतीवर रंगीत राजवाडा काढलाय, त्याच्या पुढच्या भिंतीवर पण राजवाडा, पुलाच्या खांबावर पण राजवाडा. मी म्हणालो, "बघ, किती राजवाडे! इथंच उतरू, काम झालं."

"रंग चुकलाय," ती म्हणाली. "खालचे मजले दगडाचे आहेत. ह्यानं सगळंच लाकूड केलंय."

बाहेरून आलेली माणसं आमच्यापेक्षा इंदूर जास्त बघतात, हे मला तिथं उतरल्यावर कळलं. पुण्याची, भोपाळची, गळ्यात कॅमेरे लटकवलेली पोरं, हातात वह्या घेऊन चित्रं काढायला आलेल्या मुली. त्यांना माहीत होतं की राजांच्या समाध्यांच्या छत्र्या कुठं, कुठल्या गल्लीत जुना फोटो स्टुडिओ, कुठल्या गल्लीत लाकडी ठसे करणारे. आम्ही राऊहून येताना शेजाऱ्याला सांगून आलो होतो, "इंदूरला जाऊन येतो." जसं काही राऊ दुसऱ्या देशात आहे.

आणि मग मी वर बघितलं.

न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं ना, गळ्यापर्यंत कापड खोचून, तसा अख्खा बाजार बसला होता. राजवाडा पन्नीत. समोरची दुकानं पन्नीत. सज्जे, खिडक्या, पाट्या, विजेच्या तारा, सगळं निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोरीनं आवळलेलं. वाऱ्यानं ती पन्नी फुगायची आणि धप् करून परत बसायची, जसं आत कोणी श्वास घेतंय. उद्याच्या रंगापासून जुनं लाकूड वाचवायला दरवर्षी असंच बांधतात. अख्ख्या इंदूरला माहीत आहे. मी पण जन्मापासून ऐकतोय.

शिडीवर एक माणूस दोरी ओढत होता. मी खालून ओरडलो, "भिया, ये सब कब खुलेगा?"

"गेर के बाद. परसों आना."

"परसों तो हस्पताल जाना है!"

"तो उसके बाद आना, चाचा. राजवाड़ा कहीं नहीं जा रहा."

माझंच वाक्य. सुमनकडं बघायची हिंमत होईना. ती उभी होती आणि तिरक्या मानेनं हळूहळू, एक-एक तुकडा करत ती पन्नी बघत होती. निळी, मग पिवळी, मग दोरी. जणू तेवढ्याचसाठी आली होती. पायरीवर एक मुलगी बसून त्याच पन्नीचं चित्र काढत होती, एक-एक घडी, एक-एक गाठ. सुमन तिच्याजवळ जाऊन वाकली. नाक वहीला लागेल इतकी.

"बेटा, इसका क्यों बना रही हो? पन्नी का?"

"आंटी, बाकी साल तो सब राजवाड़ा ही बनाते हैं."

सुमन हसली. मला ते हसणं आवडलं नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, एखादा जोक.

मी म्हणालो, "चल, मला गल्ली आठवते." मला गल्ली आठवत नव्हती. मी तिला एका बोळात नेलं, तिथं बांगड्या. दुसऱ्यात नेलं, तिथं भांडी, आणि शेवटी भिंत. एका दुकानदाराला विचारलं, "भाईसाब, इधर एक लकड़ी का मोर है?" त्यानं खाली वाकून खोक्यातून रंगीत मोर काढला, चाकं लावलेला, दोरीनं ओढायचा. म्हणाला, "चलता भी है." सुमन भिंतीला टेकून उभी राहिली. गर्दीत कडेनं येणारं माणूस तिला दिसत नव्हतं, प्रत्येक धक्क्याला ती दचकत होती, आणि मी प्रत्येक धक्क्यानंतर सांगत होतो की धक्का लागला.

"तुम्ही तेव्हा कचोरी बघत होता," ती म्हणाली. "ती कढई कुठं होती ते तरी आठवतं?"

भगवान कसम, आठवलं! पोटाला सगळं लक्षात राहतं. डोक्याला नाही. दगडी कमान, तिच्यापुढं चक्कीचा आवाज, आणि मग वळणावर कढई. कमान सापडली. चक्की बंद पडलेली, पण पाटी होती. वळणावर कढईच्या जागी आता कॉफीचं दुकान झालंय, भिंतीवर चित्रं, आत पोरं लॅपटॉप घेऊन. आणि समोर ते घर. वरून खालपर्यंत निळ्या पन्नीत. गेर या गल्लीच्या तोंडावरून जाते म्हणे, म्हणून इथंपर्यंत बांधलेलं.

आम्ही खाली उभे राहून भांडायला लागलो. म्हणजे मीच. दोरी सोडू का, शिडी आणू का, कोणाला तरी वर पाठवून फोटो काढून आणू का. ती म्हणत होती, "असू दे हो, चला." आमची मराठी ऐकून वरच्या मजल्यावरची पन्नी हलली आणि एका बाईंचा आवाज आला.

"कोण हवंय आपल्याला?"

"मोर!" मी म्हणालो.

चेहरा दिसला. पांढरे केस, चष्मा, शाळेत शिकवणाऱ्या बाया बघतात तसं बघणं. "कुठले आपण? आडनाव काय?"

हा प्रश्न आला की माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती थांबते. जुन्या इंदूरच्या मराठी घरांत आडनाव विचारतात ते उगाच नाही विचारत, आणि उत्तर दिल्यावर पुढं काय होईल ते आपल्याला माहीत नसतं. कधी चहा येतो, कधी पाणी पण बाहेरच मिळतं. मी म्हणालो, "आडनाव बसमध्ये राहिलं, बाई. गर्दी फार होती."

सुमननं वर बघितलं. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, सगळं एका दमात. "महूचे आम्ही. वडील फौजेत होते. परवा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुमचा मोर लग्नाच्या वेळी बघितला होता, एकदा परत बघायचा होता."

बाईंनी वरून पन्नी आणखी बाजूला सारली.

"जिना अंधारा आहे," बाई म्हणाल्या. "दोरी धरून या. घाई करू नका."

आता इथं जरा थांबतो. कारण यानंतर ऑपरेशन झालं, आणि तुम्ही विचारणारच. डावा डोळा गेला. उजव्यात जेवढं होतं तेवढं राहिलं, म्हणजे चाळणीच्या एका भोकाएवढं. ते किती दिवस राहील हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि मी आता त्यांच्यापुढं जोक करत नाही. संध्याकाळ झाली की ती हातानं चालते. भिंत, कपाट, खुर्ची, मी. दिवाळीला तिनं मांडणं काढलं, मोराचा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर गेला, गल्लीतल्या बाया म्हणाल्या, किती छान. मी पहिल्यांदाच काही बोललो नाही. मान अगदी बरोबर होती.

तर जिना. दोरी गुळगुळीत झालेली, कितीतरी हातांनी. मी मागून, पडली तर झेलायला, आणि पुढं बाई. वरचा सज्जा अरुंद. बाहेरून जी पन्नी सगळं झाकून बसली होती, तिच्या आतल्या बाजूला आम्ही होतो. दुपारचं ऊन त्या निळ्या पन्नीतून गाळून आत येत होतं. लाकूड निळं, बाईंचे केस निळे, सुमनचा हात निळा. तेलाचा आणि जुन्या धुळीचा वास. गल्लीचा आवाज एकदम दूर गेलेला, पाण्याखालून ऐकावा तसा. पन्नी फुगली की आमच्या खांद्याला लागायची.

"त्या टोकाच्या खांबावर," बाई म्हणाल्या. "कठड्याला धरून जरा बाहेर वाकावं लागेल. मी रोज पुसायची पूर्वी. आता हात पोचत नाही." मग सुमनला म्हणाल्या, "सावकाश. तुमचा वेळ घ्या."

सुमननं पदर खोचला. कठडा धरला. मी तिची कंबर धरली. ती लहान, मी उंच, मला तिच्या डोक्यावरून लगेच सगळं दिसलं. ती मात्र खालून सुरुवात करत होती. आधी खांब. मग खांबावरची वेल. मग पानं, एकेक पान, त्या नळीएवढ्या उजेडातून, मान इकडं तिरकी, तिकडं तिरकी. मग पंजा. मग पिसाऱ्याचं टोक. तिचा श्वास मला हाताला कळत होता. ती अजून मानेपर्यंत पोचली नव्हती.

आणि मी काय केलं असेल? इतकी वर्षं मी खोट्यावर अडून बसलो होतो, ती खरी होती, आणि मला इतका आनंद झाला की मला राहवेना.

"अगं, मागंच आहे! मान मागं आहे! तूच बरोबर होतीस! पिसाऱ्याकडं बघतोय, चोच जरा तुटलीय, डोळ्याच्या जागी बघ कसं गोल..."

सुमन थांबली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं नाही. तिला मोरावरून नजर काढायची नव्हती. तशीच वाकलेली, कठडा धरून, बाईंसमोर, ती म्हणाली,

"मी आंधळी झाले की सांगा. आज मला दिसतंय. तोंड बंद ठेवा."